मृत्यूचे कारण: एका रकान्याचे मोल

घरात कुणी गेले की दिवसकार्य उरकते न उरकते तोच कुणीतरी महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात हेलपाटे घालू लागतो. बँकेतले खाते, विम्याची रक्कम, सातबाऱ्यावरची वारसनोंद, सगळीकडे मृत्यूचा दाखला लागतो. त्याच्या दहा-दहा प्रती काढल्या जातात. नावात काना-मात्रेची चूक नाही ना, हे पुन्हा पुन्हा पाहिले जाते. मात्र माणूस कशाने गेला, हे त्या दाखल्यावर कुठेच नसते. नोंदणीचा कायदाच सांगतो की लोकांना दिल्या जाणाऱ्या दाखल्यावर मृत्यूचे कारण छापायचे नाही. खासगीपणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. कारण असायला हवे ते सरकारी नोंदवहीत. तिथे तरी ते असते का?

२०२० साली देशात सुमारे ८१ लाख मृत्यूंची नोंद झाली. त्यातल्या जेमतेम २२ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. म्हणजे नोंदवलेल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास चारांच्या बाबतीत, माणूस नेमका कशाने दगावला याची डॉक्टरांच्या सहीची नोंद आपल्याकडे नाही. कागदपत्रांतला हा ढिलेपणा गेलेल्या माणसाला परत आणणार नाही, मग त्याची एवढी चर्चा कशाला, असे वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर मिळते १८५५ सालच्या लंडनमध्ये. एका पॅरिशच्या मृत्यूनोंदीतली एक ओळ तिथल्या एका तरुण पाद्र्याच्या नजरेस पडली आणि कित्येक महिने न सुटलेले कोडे सुटले.

दात आल्याने मृत्यू

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये पॅरिश हे स्थानिक कारभाराचेही एकक होते. गरिबांना मदत देणे, अनाथाश्रमासारखे ‘वर्कहाउस’ चालवणे, रस्ते आणि सार्वजनिक विहिरी सांभाळणे ही कामे पॅरिशच्या मंडळाकडे असत. दफनांची नोंद चर्चमध्ये होई, पण तिचा हेतू धार्मिक होता. लंडनमध्ये मृतांची आठवडी यादी त्याआधीही निघत असे. तीत कारणही असे. पण ते ठरवत पॅरिशने नेमलेल्या स्त्रिया. प्रेत पाहून आणि घरच्यांना विचारून त्या जे सांगत, तेच यादीत जाई. जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने १६६२ साली याच याद्यांवरून मृत्यूंचे पहिले शास्त्रीय विश्लेषण केले. तेव्हाच्या कारणांत ‘दात’, ‘म्हातारपण’, ‘ताप’ अशा नोंदी सर्रास दिसतात.

१८३६ साली इंग्लंडने जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा केला आणि १ जुलै १८३७ पासून तो अमलात आला. आता नोंद चर्चकडून सरकारी निबंधकाकडे आली आणि तीत मृत्यूच्या कारणासाठी स्वतंत्र रकाना आला. १८३९ साली विल्यम फार हा डॉक्टर या आकड्यांचे संकलन करण्यासाठी रुजू झाला आणि पुढची चाळीस वर्षे त्याने हा रकाना नीट भरला जावा म्हणून खस्ता खाल्ल्या. देशभरातले डॉक्टर एकाच आजाराला चार नावांनी संबोधत. ‘आकडी’, ‘अशक्तपणा’ अशा शब्दांनी लहान मुलांचे हजारो मृत्यू झाकले जात. दात येण्याच्या वयात मूल गेले की दात येणे हेच कारण लिहिले जाई. फारने आजारांची वर्गवारी तयार केली, डॉक्टरांना छापील नमुने पाठवले आणि नेमके शब्द वापरण्याचा आग्रह धरला.

कारण लिहिणे हे राजकीय दृष्ट्या किती अडचणीचे ठरू शकते, याचा अनुभव त्याला पहिल्याच अहवालात आला. १८३७ च्या उत्तरार्धात नोंदवलेल्या सुमारे १ लाख ४८ हजार मृत्यूंपैकी ६३ मृत्यू उपासमारीने झाल्याचे त्यात दाखवले होते. गरिबांच्या मदतीची नवी व्यवस्था उभारणारा एडविन चॅडविक त्यावर खवळला. या व्यवस्थेत कुणी भुकेने मरूच कसे शकते, असा त्याचा सवाल होता. फारचे म्हणणे वेगळे होते: पोटात अन्न नसलेला माणूस बहुतेकदा एखाद्या आजाराने मरतो, म्हणून भुकेचा वाटा नाकारता येत नाही. मेळघाटातल्या बालमृत्यूंबद्दलचा वाद ज्यांनी वाचला आहे, त्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. मूल न्यूमोनियाने गेले की कुपोषणाने, हा प्रश्न आपल्याकडे वर्षानुवर्षे न्यायालयात आणि विधिमंडळात गाजतो आहे.

गंमत म्हणजे याच चॅडविकने १८४२ च्या आपल्या गाजलेल्या अहवालात मृत्यूनोंदींचाच आधार घेतला. पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन भागात मृत्यूसमयीचे सरासरी वय सुखवस्तू घरांत ४५, व्यापाऱ्यांत २६ आणि मजुरांत अवघे १६ असल्याचे त्याने दाखवले. याचा अर्थ मजूर सोळाव्या वर्षी मरत, असा नव्हे. त्यांची मुले पहिल्या काही वर्षांतच इतक्या मोठ्या संख्येने दगावत की सरासरी खाली येई. पण एकाच वस्तीतल्या तीन थरांमधले हे अंतर पाहून वाचणारे हादरले.

ब्रॉड स्ट्रीटची विहीर

आता पुन्हा त्या पॅरिशकडे. वेस्टमिन्स्टरमधल्या सेंट जेम्स पॅरिशच्या एका टोकाला उमरावांचे वाडे होते आणि दुसऱ्या टोकाला सोहो भागातल्या बर्विक स्ट्रीटच्या आसपासची दाट वस्ती. एकेका खोलीत एकेक कुटुंब, तळघरांत मैल्याचे खड्डे, पाण्यासाठी रस्त्यावरचे हातपंप. त्यांपैकी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी चवीला चांगले म्हणून लोक लांबून येऊन भरत.

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री इथे कॉलऱ्याचा स्फोट झाला. दहा दिवसांत ५०० हून अधिक माणसे गेली. एकूण बळींचा आकडा सहाशेच्या वर पोहोचला. आजार दूषित हवेतून पसरतो, असे तेव्हाचे बहुतेक तज्ज्ञ मानत. जवळच राहणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांना मात्र पाण्याचा संशय होता. त्यांनी मृत्यूनोंदणी कार्यालयातून नावे आणि पत्ते मिळवले. साथीच्या पहिल्या तीन दिवसांतल्या ८३ मृत्यूंपैकी ७३ घरे ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या जवळची होती. उरलेल्या दहांना दुसरा पंप जवळ होता. पण त्यांतल्या पाच घरांनी सांगितले की आम्ही पाणी ब्रॉड स्ट्रीटचेच आणतो, आणि आणखी तीन मुले त्या पंपाजवळच्या शाळेत जात होती.

अपवादही तितकेच बोलके होते. पॅरिशच्या वर्कहाउसमध्ये ५३५ गरीब राहत होते. चहूबाजूंनी मृत्यूचे थैमान असताना तिथे फक्त पाच जण कॉलऱ्याने गेले, कारण तिथे स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच मद्यनिर्मितीच्या कारखान्यातले सत्तरहून अधिक कामगार वाचले. त्यांना कारखान्याची बीअर मिळे आणि तिथेही वेगळी विहीर होती. उलट, काही मैल दूर हॅम्पस्टेडला राहणारी ५९ वर्षांची एक विधवा कॉलऱ्याने गेली. त्या भागात तर साथ नव्हती. तिच्या मृत्यूच्या नोंदीत पतीचा व्यवसाय लिहिला होता: बंदुकीच्या टोप्या बनवणारा. तो कारखाना ब्रॉड स्ट्रीटवर होता. मुलाने स्नोंना सांगितले की आईला तिथल्या पाण्याची चव आवडे, म्हणून रोज गाडीतून एक बाटली तिच्याकडे जाई. तेच पाणी प्यायलेली तिची इस्लिंग्टनची भाचीही दगावली होती.

७ सप्टेंबरला स्नो पॅरिशच्या मंडळापुढे गेले आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढला गेला. ही कथा वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शिकवली जाते आणि बहुतेकदा इथेच संपवली जाते. प्रत्यक्षात साथ तोवर ओसरू लागली होती, कारण बरेचसे रहिवासी पळून गेले होते. हे स्नोंनी स्वतःच मान्य केले आहे. पुढे दांडा परत बसवला गेला. आरोग्य मंडळाच्या शास्त्रीय समितीने स्नोंचे म्हणणे फेटाळले. विहिरीत दोष काय होता आणि तो आला कुठून, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

पाच महिन्यांची मुलगी

हेन्री व्हाइटहेड हा तिशीही न गाठलेला पाद्री याच वस्तीतल्या सेंट ल्यूक चर्चमध्ये होता. साथीत तो घरोघर जाऊन मरणाऱ्यांच्या उशाशी बसला होता. पाण्याचा सिद्धान्त त्याला पटला नव्हता आणि तो खोडून काढण्यासाठीच त्याने चौकशी सुरू केली. पॅरिशने नेमलेल्या समितीत स्नोही होते, व्हाइटहेडही. तो एकेका घरी चार-पाच वेळा गेला, पळून गेलेल्यांचाही त्याने माग काढला. ब्रॉड स्ट्रीटवर पंपाचे पाणी प्यायलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक आजारी पडले होते. न प्यायलेल्यांत आजारी फार थोडे. आपलीच समजूत चुकीची होती, हे त्याला मान्य करावे लागले. तरीही एक शंका उरली. पाण्यात विष आले असेल, तर ते आणणारा पहिला रुग्ण कोण? ३१ ऑगस्टच्या आधी कॉलऱ्याने गेलेले कुणी त्याला सापडत नव्हते.

१८५५ च्या वसंतात नोंदणी कार्यालयाची पत्रके चाळताना त्याची नजर एका ओळीवर थांबली. पत्ता ४०, ब्रॉड स्ट्रीट. तारीख २ सप्टेंबर. पाच महिन्यांची मुलगी. कारण कॉलरा नव्हे, तर ग्लानी. आणि पुढे लिहिले होते की मृत्यूच्या चार दिवस आधी तिला जुलाब सुरू झाले होते.

चार दिवस आधी, म्हणजे साथीच्या स्फोटाच्याही आधी. आणि ४० क्रमांकाचे घर पंपाच्या अगदी समोर होते. व्हाइटहेड धावत तिच्या आईकडे गेला. मुलीची घाण झालेली दुपटी धुतलेले पाणी तिने घराच्या दर्शनी भागातल्या मैल्याच्या खड्ड्यात ओतले होते. समितीने ती जागा खणवली. खड्ड्याची वीट कुजली होती, आणि तिथून विहिरीच्या भिंतीपर्यंतचे अंतर तीन फुटांहूनही कमी होते. मधली माती मैल्याने भिजलेली होती.

याच नोंदींनी आणखी एक गोष्ट सांगितली. मुलीचे वडील ८ सप्टेंबरला, म्हणजे पंपाचा दांडा काढला त्याच दिवशी, कॉलऱ्याने आजारी पडले आणि पुढे दगावले. त्यांच्या आजारातले पाणीही त्याच खड्ड्यात गेले असणार. दांडा जागेवर असता, तर साथीची दुसरी लाट उसळली असती. दांडा काढण्याचा खरा उपयोग काय झाला, हेही असे सहा-सात महिन्यांनी, मृत्यूच्या रकान्यातून कळले.

त्या नोंदीत नुसते ‘जुलाब’ एवढेच लिहिले असते, तर व्हाइटहेडने पान उलटले असते. त्या काळी लहान मुले जुलाबाने रोजच जात. आजार किती दिवस आधी सुरू झाला, हे डॉक्टरने लिहिले म्हणून पुढचे सगळे घडले.

रोजचे मारेकरी

कॉलरा काही वर्षांनी येई आणि सगळ्यांचे लक्ष वेधून घेई. पण वस्त्या पोखरत होते ते रोजचे आजार. इंग्लंड-वेल्समध्ये एकट्या क्षयाने तेव्हा दरवर्षी ५० हजारांच्या आसपास माणसे जात. त्यात छातीचे विकार, गोवर, डांग्या खोकला, स्कार्लेट ज्वर आणि बाळांचे जुलाब. जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १५० पहिल्या वाढदिवसाआधी दगावत आणि हे प्रमाण शतक संपेपर्यंत फारसे हलले नाही. हे मृत्यू बातमी होत नसत. ते दिसत फक्त नोंदींच्या बेरजेत.

नोंद सुधारली तसे दिसणेही सुधारले. उवांमुळे पसरणारा टायफस आणि पाण्यातून पसरणारा टायफॉइड हे दोन्ही ‘ताप’ म्हणून एकत्रच मोजले जात. १८६९ पासून ते वेगळे मोजले जाऊ लागले. एकावर उपाय गर्दी आणि अस्वच्छता कमी करण्याचा, दुसऱ्यावर पाणी आणि सांडपाणी वेगळे ठेवण्याचा. एकत्र मोजले, तर कुठला उपाय लागू पडतो तेच समजत नाही. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पुन्हा कॉलरा आला, तेव्हा स्नो हयात नव्हते. पण एके काळी हवेच्या बाजूने असलेल्या फारने मृत्यूंच्या पत्त्यांवरून थेट एका पाणीपुरवठा कंपनीकडे बोट दाखवले. १८७४ साली डॉक्टरांनी कारणाचे प्रमाणपत्र देणे कायद्याने सक्तीचे झाले. फारच्या वर्गवारीचा धागा पुढे १८९३ च्या बर्टिलाँ यादीपर्यंत आणि तिथून आज जागतिक आरोग्य संघटना सांभाळत असलेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणापर्यंत पोहोचतो. आपल्या रुग्णालयांतले कारणांचे सांकेतिक क्रमांक त्याच वंशातले आहेत.

आपला रकाना

आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून, रुग्णालयाने आणि घरी उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही कारणाचे प्रमाणपत्र विनाशुल्क देणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक आहे. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरच्या मृत्यूसाठी नमुना ४अ असतो. त्यात तात्काळ कारण, त्यामागचे कारण आणि सगळ्याचे मूळ कारण अशी साखळी लिहायची असते. शेजारी आणखी एक छोटा रकाना आहे: आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा कालावधी. ब्रॉड स्ट्रीटच्या बाळाच्या नोंदीत होती, तीच ही माहिती.

प्रत्यक्षात या नमुन्यावर बरेचदा एवढेच उमटते की हृदय आणि श्वसनक्रिया बंद पडली. ती तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते. मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झालेला माणूस, विषबाधा झालेला शेतमजूर आणि बाळंतपणात रक्तस्राव झालेली स्त्री, तिघांच्या कागदावर एकच वाक्य. घरी झालेल्या मृत्यूंत तर अनेकदा डॉक्टर येतच नाही आणि ‘वृद्धापकाळ’ हे उत्तर सर्वांना सोयीचे पडते. यात डॉक्टरांचा दोष आहे, पण सगळा त्यांचा नाही. पदवीच्या काळात हा नमुना भरण्याचा सराव थोडाच होतो, आणि पहाटे तीन वाजता आंतरवासिता करणाऱ्या डॉक्टरवर ते काम ढकलले जाते.

त्याहून गंभीर आहे तो उशीर. १८५४ च्या लंडनमध्ये मृत्यूंचे पत्रक दर आठवड्याला निघत असे. म्हणून स्नो साथ चालू असतानाच दारोदार फिरू शकले. आपल्याकडे २०२१ चे देशव्यापी आकडे मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांवरून कळले की त्या वर्षी १ कोटी २ लाख मृत्यू नोंदवले गेले, म्हणजे २०२० पेक्षा सुमारे २१ लाख जास्त. कोविडचे अधिकृत बळी त्या वर्षी सुमारे ३.३ लाख होते. वाढीचा काही भाग नोंदणी सुधारल्याचा असू शकतो. उरलेल्यांत कोविडचे किती, उपचार न मिळाल्याने गेलेले किती, हे वेगळे करायला लागणारा रकाना बहुतांश नोंदींत भरलेलाच नाही. त्यामुळे वाद आकड्यांवर होत राहतो, निर्णय होत नाही.

कारण शोधले की काय बदलते, याचे आपल्याच देशातले उदाहरण आहे सर्पदंशाचे. सरकारी रुग्णालयांच्या आकड्यांत हे मृत्यू थोडेच दिसत. महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणीतल्या घरांत प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी जाऊन घरच्यांना मृत्यूची हकीकत विचारली, आणि दोन डॉक्टरांनी ती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवले. त्यावरून २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने गेल्याचा अंदाज निघाला. बहुतेक मृत्यू खेड्यांत, रुग्णालयाबाहेर झालेले. शेतात काम करणारी ही माणसे नोंदींतून निसटली होती. २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला आणि राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले.

करायचे काय, हे अवघड नाही. महापालिका आणि जिल्हा परिषदांनी मृत्यूंचे कारणवार, प्रभागवार आकडे नाव-पत्ता वगळून दर महिन्याला प्रसिद्ध करावेत. संगणकीकृत नोंदणीत ते शक्य आहे. घरी झालेल्या मृत्यूंसाठी आरोग्यसेविकेमार्फत हकीकत विचारण्याची पद्धत नियमित करता येईल. रुग्णालयांत हा नमुना वरिष्ठ डॉक्टरने तपासूनच पुढे जावा. आणि जवळचे माणूस गेले तर, त्या अवघड घडीतही, डॉक्टरला आजार केव्हा सुरू झाला, आधी काय दुखणे होते, हे सविस्तर सांगावे. प्रमाणपत्राची प्रत मागावी. तो तुमचा हक्क आहे. त्यावर फक्त ‘हृदयक्रिया बंद’ असेल, तर कशामुळे बंद पडली, हे विचारावे.

ब्रॉड स्ट्रीटच्या त्या बाळाला कुणी वाचवू शकले नाही. पण तिच्या मृत्यूची नोंद करणाऱ्याने ‘चार दिवस आधी’ हे शब्द लिहिण्याचे कष्ट घेतले. लंडनला विहिरीचा दोष कळला, तो त्या शब्दांमुळे.